निळ्या झग्यातली आई

४ मार्च, मंगळवार

धाकट्या बाईसाहेबांस,

आशीर्वाद. लिहायचा नव्हता, हाताला सवय आहे म्हणून लिहून गेला. आता खोडत बसत नाही.

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, नोटीसच ती. ‘यापुढे काय सांगायचं ते लेखी सांग, फोन करू नकोस, मी उचलणार नाही.’ बरं बाई, लेखी तर लेखी. दिवसभर दुकानात लोकांच्या पँटी आखूड करायच्या, गळे मोठे करायचे आणि घरी येऊन तुला पत्रं लिहायची, एवढंच राहिलं होतं माझ्या नशिबात.

आता मुद्द्याचं. तुझं म्हणणं असं की आईचं खरं पेंटिंग मी कुणाला तरी देऊन टाकलं आणि त्या जागी भलत्याच बाईचं आणून टांगलं. मे संपायच्या आत खरं पेंटिंग तुझ्या हातात पडलं नाही, तर तू माझी कुणी नाहीस आणि मी तुझी कुणी नाही. वा! घर नको, भांडी नकोत, आईच्या बांगड्या नकोत, फक्त पेंटिंग हवं. ऐकायला किती साधं वाटतं.

आई गेली त्या आठवड्यात, घरात माणसं बसलेली असताना, तू भिंतीकडे बोट दाखवून ओरडलीस, “ताई, ही कोण मास्तरीण टांगलीयस? निळ्या झग्यातली माझी आई कुठाय?” शेजारीण चहाचा कप तोंडाशी नेऊन तशीच थांबली होती. अजून जिन्यात भेटली की मला विचारते, “लागला का शोध?” जिभेला काही हाड आहे का नाही तुझ्या?

ऐक. निळा झगा नव्हताच. मरून रंगाचा होता. मी चार वर्षांची होते आणि पेंटरकाकांच्या स्टुडिओत स्टुलावर बसून पाय हलवत होते. तू जन्मायला सात वर्षं होती. त्या काळी गावातल्या निम्म्या बायकांनी त्यांच्याकडून स्वतःला काढून घेतलं होतं. काका आधी सिनेमाचे बोर्ड रंगवायचे, त्यामुळे त्यांच्या हातातून कुणीही बाई नटी होऊनच बाहेर पडायची. मान तिरकी, एक खांदा उघडा, मागे धूर, गालावर दिवा लावल्यासारखा उजेड, आणि डोळे असे ओले की आत्ता रडेल की आत्ता हसेल. पोस्टमास्तरांची बायको तशी आणि बेकरीवालीही तशीच. आपली आई मरून झग्यात होती. मी शिवणकाम करणारी बाई आहे, मला कपड्याचा रंग चुकत नाही.

तेव्हा उगाच माझ्या डोक्यावर खापर फोडू नकोस.

ताई

२१ मार्च, शुक्रवार

धाकटे,

काय भाषा वापरलीस गं! ‘तू म्हातारी होत चाललीस, तुझं डोकं आईच्या वाटेनं चाललंय.’ हे मला? दोन वर्षं आईचं ते डोकं मी सांभाळलं. तू तिकडून उंटावरून शेळ्या हाकल्यास, ‘तिला बदाम दे’ आणि ‘तिला कोडी सोडवायला दे’.

पण तुझं पत्र वाचून मला झोप लागेना, म्हणून रविवारी स्टूल घेऊन चढले आणि पेंटिंग खाली काढलं. मागच्या फळीवर पेन्सिलीनं लिहिलेलं सापडलं. पेंटरकाकांचं अक्षर आहे. पहिल्या ओळीत तारीख आणि ‘चेहरा, बाकी सर्व’. त्याखाली सहा वर्षांनंतरची तारीख आणि ‘केस’. तिसरी ओळ माझ्या लग्नाच्या वर्षातली, ‘झगा निळा, केस’. चौथी त्यानंतर नऊ वर्षांनी, ‘कानातले लांब’.

कळलं का? आपल्या मातोश्री फॅशन बदलली की पेंटिंग काखोटीला मारून स्टुडिओत जायच्या आणि स्वतःला नवीन करून घ्यायच्या! नुसत्या त्याच नाहीत म्हणे. मी काकांकडे जाऊन विचारलं. जिना चढताना नाकी नऊ आले, पण गेले. शहाऐंशी वर्षांचे आहेत, कान गेलेत, बाकी शाबूत. म्हणाले, “सगळ्याच यायच्या की. केसांचे फुगे जुने झाले, ये. बाह्या आखूड आल्या, ये. दर वेळी मी जुन्यावर वॉर्निशचा हात मारायचो आणि त्याच्यावर नवं काढायचो. खालचं सगळं जिथल्या तिथे असतं. स्पिरिटचा बोळा फिरवला की वरचं निघून येतं.”

मी विचारलं, “मग आम्हाला कसं नाही कळलं?”

“तुमची आई म्हणायची, फ्रेमला वाळवी लागलीय, सुताराकडे दिलीय म्हणून सांगते पोरींना.”

आठवतं का तुला? दर काही वर्षांनी त्या फ्रेमला वाळवी लागायची! आणि आपण दोघी शहाण्या, परत आल्यावर वर बघायचोसुद्धा नाही. घरच्या भिंतीकडे कोण बघतं? माझं बघायचं वय होतं तेव्हा मी मरून बघितला, तुझं होतं तेव्हा तू निळा बघितलास. म्हणजे तूही खरी आणि मीही खरी. तू निळ्यात वाढलीस, कबूल. आता झाला का सोक्षमोक्ष?

(तो निळा झगा मला कधीच पटला नाही, तेही सांगून ठेवते. त्याला शिवण नाही, बटण नाही, चेन नाही. बाई त्यात शिरली कुठून?)

ताई

९ एप्रिल, बुधवार

धाकटे,

पकडलंस.

मला वाटलं होतं तुझ्या ध्यानात येणार नाही, पण तू लहानपणापासून तशीच, हिशेबात भोपळा आणि दुसऱ्याची चूक मात्र पहिल्या झटक्यात दिसते. बरोबर आहे तुझं. ‘चौथ्या ओळीतसुद्धा झगा निळाच आहे, मग भिंतीवरची ती तपकिरी स्वेटरवाली मास्तरीण आली कुठून?’

फळीवर चार ओळी नाहीत. पाच आहेत. पाचवी गेल्या ऑक्टोबरमधली आहे.

तीन दिवस हा कागद पुढे घेऊन बसतेय. दुकानात एका गिऱ्हाइकाची बाही उलटी लावली, तीस वर्षांत पहिल्यांदा. आता सांगते आणि मोकळी होते, मग तुला काय करायचं ते कर.

आईला शेवटी शेवटी स्वतःचा चेहरा ओळखू येत नव्हता, ते तुला माहीत आहे. आरसा मी झाकून ठेवला होता. पण ते पेंटिंग तिच्या पलंगासमोरच होतं, आणि एक दिवस तिनं ठरवून टाकलं की ती निळ्या झग्यातली बाई म्हणजे तू. तू आईची हुबेहूब, असं सगळं जग म्हणतच आलंय, त्यामुळे तिचीही काय चूक? सकाळी डोळे उघडले की “आलीस का गं धाकटे?” मी दूध घेऊन जायचे, ती कप आधी भिंतीकडे धरायची, “तू घेतलंस का?” दिवसभर तुझ्याशी गप्पा. तू आपली वर बसून डोळे ओले करून हसतेयस, उघडा खांदा टाकून.

आणि मी कोण? मी ‘बाई’. कामाला ठेवलेली बाई. अंग पुसणारी, चादरी बदलणारी, रात्रीतून चार वेळा उठणारी. मला म्हणायची, “बाई, जरा हळू घासा.” तुला माझ्याबद्दल सांगायचीसुद्धा! मी तिथेच उभी आणि ही भिंतीला सांगतेय, “बाई कामाला चांगली आहे गं, पण फार खेकसते.”

खेकसायची. खेकसायचेच मी. कुणीही खेकसलं असतं.

मी तिला सांगून बघितलं, आई, मी थोरली. ती हसायची, “थोरली कुठली? ती तिच्या घरी असते.” एकदा, दोनदा, पन्नास वेळा. मग माझं डोकं फिरलं. एका दुपारी शेजारणीला बसवलं, पेंटिंग चादरीत गुंडाळलं आणि काकांपुढे नेऊन आपटलं. म्हटलं, “काका, बदला.”

“काय करू?”

“काहीही करा. पण हिला धाकटी राहू देऊ नका.”

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, “बस स्टुलावर.” दोन दुपारी बसले. घरून निघताना होते तशीच, केस ओढून बांधलेले, निम्मे पांढरे, अंगात तो तपकिरी स्वेटर. म्हटलं, “चेहऱ्याचं काय करणार?” तर म्हणाले, “चेहऱ्याला मी एकदाच हात लावतो. पुन्हा लावायचा नाही, हा माझा नियम. केस आणि कपडे, बस.”

आठ दिवसांनी चादर बाजूला केली. मी होते गं ती. मी! गालावर तोच उजेड, मागे तोच धूर, डोळे तेच ओले, आणि मधे मी. मी काकांवर चिडले. म्हटलं, “नियम मोडलात, चेहरा बदललात तुम्ही.” त्यांनी चित्र उलटं केलं आणि फळीवरची ओळ माझ्यापुढे धरली. ‘केस, स्वेटर. चेहरा तोच.’

अठ्ठावन्न वर्षं मला सगळ्यांनी सांगितलं की मी बाबांच्या वळणावर गेले. आत्या सांगायची, मावशी सांगायची, तू तर चिडवायचीस. मीही ते खरं मानून चालले होते.

मग आईपुढे नेऊन टांगलं. ती बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं ओरडेल, धाकटीला कुठे नेलंत म्हणेल. तर मला म्हणाली, “बाई, ही माझी थोरली. सारखी उभीच असते हो. तिला जरा खुर्ची द्या.”

मी खुर्ची आणली आणि तिच्यावर बसले.

इथवर वाचून तुला माझी दया येत असेल तर थांब. पुढचं राहिलंय. त्या दिवसानंतर आईनं तुझं नाव काढलं नाही. तू भिंतीवरून गेलीस ती तिच्या डोक्यातूनच गेलीस. डिसेंबरात तू फोन केलास, मी तिच्या कानाला लावला, आणि ती म्हणाली, “कोण बोलतंय?” तू तिकडे ढसाढसा रडलीस, “ताई, ती मला विसरली गं.” आणि मी, जिला सगळं माहीत होतं, मी म्हटलं, “आजारच तसा आहे.”

नोव्हेंबर, डिसेंबर आणि आई जाईपर्यंतचा अर्धा जानेवारी. तेवढे दिवस मी तुझ्याकडून काढून घेतले. बोळा फिरवला असता तर तू परत आली असतीस. मी नाही फिरवला. मला तिथून उठायचं नव्हतं.

आणि आई गेल्यावर तू तीन दिवस त्याच भिंतीखाली झोपलीस आणि विचारलंस, ही मास्तरीण कोण. जळजळीत राग आला मला तुझा. अजून आहे. पण तू मला चोर म्हणालीस ते अगदीच खोटं नव्हतं.

ताई

२४ एप्रिल, गुरुवार

धाकटे,

तुझं उत्तर नाही. फोन करू नकोस म्हणालीस म्हणून केला नाही. एकदा केला, तू उचलला नाहीस, तो धरू नकोस.

किती दिवस वाट बघायची? शिव्या घालायच्या असतील तर घाल ना, कागद काय महाग झालाय तिकडे? माझा जीव टांगणीला लागलाय. टपालवाला आता मला बघून लांबूनच मान हलवतो. बोलायचं नसेल तर तसं लिही, पण मूग गिळून बसू नकोस. लहानपणी रुसलीस की कपाटामागे जाऊन बसायचीस आणि मी तासभर शोधत फिरायचे. आता या वयात कुठल्या कपाटामागे शोधू तुला?

मी ठरवलंय. काकांकडे जाऊन आले. ते म्हणतात, पुसायला अर्धी दुपार पुरे, खालचा निळा जसाच्या तसा निघेल, कानातल्यांसकट. फक्त एक सांगितलं त्यांनी. या थंडीनंतर त्यांचा हात कापायला लागलाय. चहा पितानासुद्धा बशी वाजते. “पुसून देईन,” म्हणाले, “पण पुन्हा काढून मागू नकोस. आता माझ्याकडून ब्रश धरला जात नाही. नीट विचार कर.”

काय विचार करायचाय? तुझी आई तुला पाठवायची म्हणजे पाठवायची. मे संपायला वेळ आहे, तोवर तुझ्याकडून ओळ आली नाही तर मी हे उरकून टाकणार. नंतर म्हणू नकोस विचारलं नाही.

ताई

१२ मे, सोमवार

धाकटे,

पुसलं.

रविवारी दुकानाला सुट्टी होती म्हणून कालच गेले. काकांनी कापसाचा बोळा करून दिला, पण त्यांचा हात इतका हलत होता की शेवटी म्हणाले, “तूच फिरव, मी सांगतो.” म्हणजे ते कामही माझ्याच गळ्यात! आधी स्वेटर गेला. बटणं एकेक करून गेली. स्पिरिटच्या वासानं डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि काही स्पिरिटनं नाही आलं तेही सांगून टाकते. केसांपाशी आले तेव्हा काका म्हणाले, “थांबायचं तर आत्ता थांब.” मी म्हटलं, “काका, मध्येच अर्धवट सोडलेलं काम मला आवडत नाही.” आणि फिरवला बोळा.

तुझी निळ्या झग्यातली आई आता खिडकीशी टेकवून ठेवलीय. लख्ख निघालीय. खरंच तुझ्यासारखी दिसते, मी नाही कशाला म्हणू? पण आता माहीत असल्यामुळे मला हनुवटीत मीही दिसते. तुला दिसली तर बघ, नाही दिसली तर राहू दे.

मला ते चित्र हवं होतं. खोटं कशाला बोलू? माझ्या आयुष्यात मी कधी इतकी देखणी नव्हते आणि आता होण्याची शक्यताही नाही. पण आईनं मला ओळखलं तेव्हा मी समोर होते, माझ्या कानांनी ऐकलंय. तुला शेवटी ‘कोण बोलतंय’ ऐकायला मिळालं. तेव्हा हे तुझ्याकडे असू दे. गुरुवारी खोकं करणाऱ्याकडे देते, लाकडी पट्ट्या मारून देतो म्हणालाय.

माफी माग म्हणशील तर मागते. मला नीट मागता येत नाही, तुला माहीत आहे. चुकलं माझं.

तुझी ताई

१३ मे, मंगळवार

अगं ए बाई,

काय करू मी तुझं? काय करू, सांग!

आज, आज म्हणजे आज दुपारी, टपालवाला हसत हसत वर आला. तुझं पत्र. वरची तारीख एप्रिलची अठ्ठावीस! पंधरा दिवस कुठे फिरत होतं देव जाणे, पाकिटावर तीन शिक्के आहेत आणि पत्त्यात घराचा नंबर तू चुकवलायस. शिकलीसवरलीस, जगभर हिंडलीस, आणि ज्या घरात जन्मलीस त्याचा नंबर तुला लिहिता येत नाही!

फोडलं आणि पहिलीच ओळ: ‘ताई, पुसू नकोस.’

मी पायरीवरच बसले. शेजारीण धावत आली, तिला वाटलं कुणी गेलं.

‘मी तुझ्यावर चिडलेय आणि बरीच वर्षं चिडून राहणार आहे. डिसेंबरातला तो फोन मी विसरू शकत नाही. पण तीन दिवस मी तुझ्या चित्राखाली झोपले आणि तुला ओळखलं नाही, हे त्याहून वाईट आहे. आईचे माझ्याकडे पुष्कळ फोटो आहेत. सगळं घर पालथं घातलं, तुझा एकही नाही. प्रत्येक फोटो तूच काढलेला. ते मास्तरणीचं चित्र मला पाठव.’

अठरा वेळा वाचलं. मग खिडकीशी गेले आणि त्या निळ्या झग्याकडे बघत उभी राहिले. परवा जर हे पत्र आलं असतं! दोन दिवस आधी! फोन काय झाला होता तुझा? तो नियम तूच केलास आणि तूच धरून बसलीस. ‘लेखी सांग.’ घे आता लेखी!

तशीच चपला घालून काकांकडे गेले. त्यांना पत्र वाचून दाखवलं, कानाशी ओरडून ओरडून. त्यांनी ब्रश हातात घेतला, माझ्यासमोर धरला आणि कसा थरथरतो ते दाखवलं. मी आग्रह केला नाही.

तेव्हा ऐक आता. ते चित्र गेलं. स्वेटर गेला, बटणं गेली, पांढरे केस गेले. तू मागितलेलं द्यायला आता माझ्याकडे फक्त हा चेहरा उरलाय, आणि तो खोक्यात घालून पाठवता येत नाही. तुला बघायचा असेल तर यावं लागेल. खोकंवाल्याला नको म्हणून सांगितलंय, निळीला न्यायला तूच ये.

जूनचा दुसरा आठवडा मला मोकळा आहे. चिडूनच ये हवं तर. आणि घराचा नंबर एकवीस आहे, बारा नाही.

ताई